नाव एका गाडीला, जीव दुसऱ्या गाडीत

लॅम्बोर्गिनी हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते एका ट्रॅक्टरवर. १९८७ सालची गोष्ट. बँकेनं मला शेतीकर्जाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं आणि तिथल्या वाचनालयात यंत्रसामग्रीचं एक परदेशी मासिक पडलेलं होतं. त्यात द्राक्षवेलींच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाणाऱ्या एका अरुंद ट्रॅक्टरचा फोटो होता आणि त्याच्या नाकाडावर हे लांबलचक नाव. मी तेव्हा तासगावच्या बाजूला एका शाखेत होतो. सातबारा, कोटेशन, मार्जिन मनी आणि द्राक्षबागा यांतच दिवस जायचा. त्यामुळं फोटोपाशी थांबलो, नाव लक्षात राहिलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी मुंबईत मरीन ड्राइव्हवरून मुलाबरोबर चाललो होतो. जमिनीला पोट घासेल की काय अशी एक पिवळीधमक मोटार कानठळ्या बसवत शेजारून गेली. मुलानं जवळजवळ हात जोडूनच तिचं नाव सांगितलं. मी सहज म्हणालो की अरे, हा तर ट्रॅक्टरवाला. मुलानं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते. देवळात चपला घालून शिरलेल्या माणसाकडं तसं बघतात.

तो मुलगा आता म्युनिकला नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. चार पैसे साठले होते, सेकंडहॅन्ड गाडी घ्यायची होती आणि दोन गाड्यांपाशी गाडं अडलं होतं. एक दोन माणसांची, बुटकी, हलकी, छत उघडणारी. सरळ भाषेत स्पोर्ट्‌स कार. दुसरी लांब नाकाची, दोन दारांची पण मागं दोघांना बसता येईल अशी, सामानाला जागा असलेली. तिला ग्रँड टूरर म्हणतात. सुट्ट्या लागल्या की आल्प्स ओलांडून इटलीत जायचं, असा त्याचा बेत. उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडं जाणार, तेव्हा आम्हालाही नेणार. तर बाबा, कोणती घेऊ?

मी आयुष्यभर वाहनकर्जं मंजूर केली, पण स्वतः बजाज स्कूटर आणि नंतर मारुती एट हंड्रेड यांच्यापलीकडं गेलो नाही. ताशी ऐंशीच्या वर काटा गेला की मला घराचे हप्ते आठवायचे. मी काय सल्ला देणार? शिवाय हिच्या कमरेचं दुखणं आहे, ते बोललो असतो तर पोरानं निमूटपणे दुसरी गाडी घेतली असती. मला ते नको होतं. विचार करून सांगतो म्हणालो आणि त्या ट्रॅक्टरवाल्याचं चरित्र वाचायला घेतलं. कारण हाच प्रश्न त्या माणसानं आयुष्याची दहा वर्षं आणि स्वतःचे पैसे घालून सोडवायला घेतला होता.

आधी या दोन जातींमधला फरक सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. स्पोर्ट्‌स कार म्हणजे नुसत्या इशाऱ्यावर वळणारी गाडी. वजन कमी, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी, स्प्रिंगा ताठ. घाटातल्या वळणावर ती चालवणाऱ्याच्या मनातलं ओळखते. पण त्याच ताठ स्प्रिंगांमुळं रस्त्यावरचा प्रत्येक खडा कण्यापर्यंत पोचतो आणि दोन तासांनी कानात इंजिन घुमत राहतं. ग्रँड टूरर वेगात फार मागं नसते, पण तिचा वेग लांब पल्ल्याचा. चाकांतलं अंतर जास्त, स्प्रिंगा मऊ, वरचा गियर असा की गाडी जोरात पळत असली तरी इंजिन संथ फिरावं. पेट्रोलची टाकी मोठी, डिकीत दोघांच्या बॅगा, आणि आठ तासांनंतर उतरलेला माणूस जेवायला बसण्याच्या मनःस्थितीत असला पाहिजे. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडातल्या श्रीमंत घरांतली तरुण मुलं शिक्षण पुरं करायला म्हणून युरोपभर हिंडून इटलीत यायची, त्या प्रवासाला ग्रँड टूर म्हणत. इटालियन लोकांनी तेच नाव आपल्या भाषेत ग्रान तुरिस्मो करून गाड्यांना लावलं. आपल्याकडचा दाखला द्यायचा तर एक शर्यतीच्या मैदानातला घोडा आणि दुसरं भीमथडीचं तट्टू. मराठ्यांच्या फौजा कशावर बसून लांबवर गेल्या, हे वाचकांना सांगायला नको.

असो. फेरुचिओ लॅम्बोर्गिनीचा जन्म २८ एप्रिल १९१६चा. उत्तर इटलीतल्या सपाट मुलखात चेंतो नावाचं गाव आहे, त्याच्याजवळच्या रेनाझ्झो या खेड्यातला. घर शेतकऱ्याचं, द्राक्षं लावणारं. पोराचं लक्ष मात्र वेलींपेक्षा अवजारांत. बोलोन्याजवळच्या एका तंत्रविद्यालयात तो शिकला. १९४० साली हवाई दलात भरती झाला आणि भूमध्य समुद्रातल्या ऱ्होड्स बेटावर वाहनदुरुस्तीच्या कामावर त्याची नेमणूक झाली. युद्धात अडकलेल्या बेटावर सुटे भाग वेळेवर यायचे कुठून? जे हाताशी आहे त्यातून जे हवं आहे ते तयार करायचं, हे शिक्षण त्याला तिथं फुकट मिळालं. १९४५ साली बेट इंग्रजांकडं गेलं, हा कैदी झाला आणि १९४६ मध्ये घरी परतला.

परतल्यावर त्यानं छोटी कार्यशाळा काढली. १९४७ साली त्याची बायको क्लेलिया बाळंतपणात गेली. मुलगा वाचला, त्याचं नाव आन्तोनिओ, घरी टोनिनो. मी वाचलेल्या चरित्रांमध्ये ही गोष्ट एका वाक्यात येते आणि पुढच्या वाक्यात ट्रॅक्टर सुरू होतो. माझ्या चार कादंबऱ्या छापून झाल्या आहेत. मी लिहीत असतो तर त्या दोन वाक्यांमध्ये निदान एक प्रकरण घातलं असतं. एकतीस वर्षांचा माणूस, तान्हं मूल, शेजारी तेलानं माखलेली कार्यशाळा. पण जे ठाऊक नाही ते चरित्रात भरू नये. एवढंच म्हणतो की हा माणूस यानंतर थांबलेला दिसत नाही.

युद्धानंतरच्या इटलीत शेतीला यंत्रं हवी होती आणि लष्कराची भंगारात काढलेली वाहनं ढिगानं पडली होती. फेरुचिओनं ती विकत घेतली आणि मॉरिस कंपनीच्या लॉरीचं इंजिन बसवून ट्रॅक्टर उभा केला. पेट्रोल महाग, शेतकऱ्याला परवडणारं नाही. म्हणून त्यानं अशी जोडणी केली की इंजिन पेट्रोलवर चालू करायचं आणि तापलं की स्वस्त डिझेलवर फिरवायचं. त्या पहिल्या ट्रॅक्टरचं नाव कारिओका. बँकेच्या भाषेत सांगायचं तर भांडवल थोडं, कच्चा माल भंगाराच्या भावात आणि गिऱ्हाईक दाराशी. असा प्रकल्प माझ्या टेबलावर आला असता तर दोन्ही नाही, पण एक डोळा मिटून मी नक्की सही केली असती.

वेगाचा किडा मात्र अंगात होता. त्यानं एका चिमुकल्या फियाट टोपोलिनोचं इंजिन वाढवून ७५० सीसीचं केलं, वरची बॉडी काढून तिला दोन माणसांची उघडी गाडी बनवलं आणि १९४८ साली थेट मिल्ले मिलिया या शर्यतीत उतरला. ब्रेशा गावाहून निघून रोमला वळसा घालून परत ब्रेशाला, सगळी शर्यत सार्वजनिक रस्त्यांवरून. सुमारे अकराशे किलोमीटर गाडी पळाली आणि तुरीनजवळ फियानो इथं एका खाणावळीच्या भिंतीत घुसली. माणूस बचावला, शर्यतीची हौस त्या भिंतीत राहिली. ही भिंत लक्षात ठेवावी. पुढं त्यानं मोटारींचा कारखाना काढला तेव्हा आपली गाडी शर्यतीत उतरवायची नाही, हे धोरण त्यानं कायम ठेवलं.

पन्नासच्या दशकात ट्रॅक्टरचा धंदा फोफावला. इटलीतल्या मोठ्या कृषियंत्र कारखानदारांत त्याचं नाव आलं. १९६० च्या सुमारास घरं-कारखाने तापवण्याची आणि थंड करण्याची यंत्रं बनवणारी दुसरी कंपनी निघाली, तीही चालली. पैसा आला तशा मोटारी आल्या. आल्फा रोमिओ, लान्चिया, मर्सिडीज ३०० एसएल, जग्वार ई-टाइप, मासेराती. आणि १९५८ पासून फेरारी, एक नव्हे, अनेक.

इथं आता ती प्रसिद्ध गोष्ट येते. फेरारी त्याला आवडायची, पण खटकायचीही. त्याच्या मते ती रस्त्याची गाडी नव्हतीच. शर्यतीच्या गाडीला आतून जेमतेम कपडे चढवलेले. गोंगाट फार, आतलं काम रखरखीत आणि क्लच वारंवार जायचा. दुरुस्तीला मारानेल्लोच्या कारखान्यात न्यावं तर गाडी आत घेऊन जात आणि मालकाला बाहेर तासन्‌तास बसवत. काय केलं ते दाखवत नसत. शेवटी त्यानं आपल्याच ट्रॅक्टरच्या कारखान्यात गाडी खोलली, तर आत त्याच्या ट्रॅक्टरात बसतो तसलाच क्लच निघाला, असं सांगतात. तो एन्झो फेरारीकडं तक्रार घेऊन गेला आणि एन्झोनं त्याला तू आपले ट्रॅक्टर हाक, गाड्यांतलं तुला काय कळतं, अशा अर्थाचं ऐकवलं. झालं, अपमान, प्रतिज्ञा आणि कारखाना.

ही कथा इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली गेली आहे की ती जशीच्या तशी घडली असेल असं मला वाटत नाही. कादंबरीकाराला ती आवडते. माझ्यातल्या बँकवाल्याला दुसरं कारण जास्त पटतं. फेरुचिओनं हिशेब केला होता. ट्रॅक्टरात वापरतात तसले काही भाग इतक्या महागड्या मोटारीत बसत असतील तर या धंद्यात नफा कितीतरी जास्त आहे. अपमानानं माणूस एक रात्र जागतो. कारखाना उभा करायला हिशेब लागतो. शिवाय एन्झो रस्त्याच्या गाड्या विकायचा तो शर्यतींचा खर्च भागवायला. गिऱ्हाईकाच्या पाठीला आराम हा त्याच्या यादीत फार खाली असणार. ती रिकामी जागा शेतकऱ्याच्या या मुलानं बरोबर हेरली.

आणखी एक गोष्ट त्या काळात घडत होती, तिच्याकडं दुर्लक्ष होतं. मिलानपासून नेपल्सपर्यंतचा मोठा मोटाररस्ता, आउतोस्त्रादा देल सोले, १९५६ पासून बांधला जात होता. साडेसातशे किलोमीटरहून लांब. बोलोन्याहून पुढं आपेनाइन डोंगर पूल आणि बोगद्यांनी ओलांडून तो फ्लॉरेन्सला उतरतो. ऑक्टोबर १९६४ मध्ये तो पुरा झाला. म्हणजे सकाळी मिलानला कॉफी घेऊन निघालेला कारखानदार संध्याकाळच्या आत नेपल्सला पोचू शकत होता. अशा रस्त्यावर वळणाची कसरत कमी आणि तासन्‌तास एका वेगानं जाणं जास्त. फेरुचिओला हवी होती ती गाडी या रस्त्यासाठीची.

१९६३ साली बोलोन्या आणि मोदेना यांच्या मधल्या सांतागाता या गावी कारखाना सुरू झाला. फेरारीच्या मारानेल्लोपासून मोटारीनं तासाभराच्या आतलं अंतर. जागेसाठी गावच्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी चांगल्या सवलती दिल्या, अट एवढीच की कामगार युनियनचे असावेत. इंजिनाचं काम जोत्तो बिझ्झारिनी या फेरारी सोडून आलेल्या इंजिनिअरकडं दिलं. करार मोठा मजेदार होता. फेरारीच्या इंजिनापेक्षा जितके अश्वशक्ती जास्त, तितकी बक्षिसी जास्त. असा करार केल्यावर इंजिनिअर काय करणार? त्यानं बारा सिलिंडरचं, साडेतीन लिटरचं, साडेतीनशेहून अधिक अश्वशक्तीचं इंजिन बनवलं. म्हणजे शर्यतीचंच. मालक म्हणतो मला शांत, टिकाऊ, दररोज वापरायचं इंजिन हवं. करार सांगतो ताकद वाढव. दोघांचं बिनसलं आणि बिझ्झारिनी गेला. कर्जाच्या अटी लिहिताना माझ्या हातूनही असे घोटाळे झाले आहेत. माणूस आपल्याला जे हवं ते करत नाही, आपण ज्याचे पैसे देतो ते करतो.

ऑक्टोबर १९६३ मध्ये तुरीनच्या प्रदर्शनात पहिली गाडी मांडायची होती. फ्रांको स्काल्योनेनं काढलेली बॉडी तयार होती, इंजिन तयार होतं, पण इंजिन त्या बॉनेटखाली मावेना. वेळ संपलेली. मग आत विटा भरून गाडीला वजन आणलं आणि प्रदर्शनभर बॉनेट मिटून ठेवलं. हे वाचून मी मोठ्यानं हसलो, तर आतून ही विचारायला आली. तपासणीला साहेब येणार म्हणून गोठ्यात शेजाऱ्याच्या म्हशी बांधणारे कर्जदार मी पाहिले आहेत. जगभर माणसं सारखीच.

पुढचं काम जाम्पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी या दोन तरुण इंजिनिअरांनी केलं. वयं सव्वीस-सत्तावीसची. त्यांच्या जोडीला न्यूझीलंडहून आलेला बॉब वॉलेस, गाडी चालवून पाहून तिचे दोष सांगणारा. इंजिनाची ताकद मुद्दाम उतरवून पावणेतीनशेच्या आसपास आणली. मिलानच्या तुरिंग कंपनीनं ॲल्युमिनियमची बॉडी बांधली. चारी चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं. मार्च १९६४ मध्ये जिनिव्हाला ३५० जीटी आली. ताशी अडीचशे किलोमीटरच्या जवळ जाणारी, तरी आत बसून बोलता येईल अशी. पहिल्या वर्षात फक्त १३ गाड्या गेल्या आणि भाव फेरारीच्या बरोबरीनं ठेवायचा म्हणून त्या तोट्यात विकाव्या लागल्या. एकूण १२० झाल्या. त्यानंतरच्या ४०० जीटीत इंजिन चार लिटरचं झालं आणि मागं दोघांना बसायची सोय आली. फेरुचिओला हवं ते मिळालं होतं.

आणि नेमकं तेव्हा घरातल्या पोरांनी वेगळंच खूळ काढलं.

दाल्लारा, स्तान्झानी आणि वॉलेस, तिघंही विशीतले, शर्यतीचे वेडे. मालक शर्यतीला तयार नाही. तेव्हा दिवसाचं काम संपल्यावर रात्री बसून त्यांनी एका गाडीचा सांगाडा आखला. त्यात बारा सिलिंडरचं अवजड इंजिन पुढं नव्हतंच. ते बसणाऱ्यांच्या पाठीमागं आणि तेही आडवं टाकलेलं. अशी गाडी तेव्हा शर्यतीत असायची, रस्त्यावर नाही. फेरुचिओनं आराखडा पाहिला. त्याला वाटलं, विकली जाणार नाही, पण प्रदर्शनात गर्दी जमवील, जाहिरात होईल. करा म्हणाला. नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरीनला नुसता सांगाडा मांडला, तरी लोक भोवती गोळा झाले. बेर्तोनेच्या कार्यशाळेतल्या मार्चेल्लो गांदीनी या सत्तावीस वर्षांच्या तरुणानं त्यावर शरीर चढवलं आणि मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाला मिउरा उभी राहिली. नाव स्पेनमधल्या झुंजीचे बैल पैदा करणाऱ्या घराण्याचं. फेरुचिओची रास वृषभ, म्हणून कारखान्याचं चिन्हही बैल.

मिउराचा फोटो ज्यानं पाहिला असेल त्याला मी काय सांगणार? मलासुद्धा, ज्याला मोटारीत काही कळत नाही त्याला, ती पाहताना गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं होतं. अशी सुंदर वस्तू माणसानं बनवली याचंच नवल. जग वेडं झालं. पण आता प्रवासाच्या दृष्टीनं बघा. इंजिन तुमच्या डोक्यामागं हातभर अंतरावर, त्याची धग आणि आवाज तुमच्या सोबतीला. उंच माणसाचं डोकं छताला. सामानाला इंजिनाच्या मागं एक कप्पा, तोही छोटा आणि तापणारा. पेट्रोलची टाकी पुढं. ती रिकामी होत गेली की नाक हलकं होतं आणि भरधाव वेगात पुढची चाकं रस्त्यावरची पकड सैल करतात. शंभर किलोमीटर स्वर्ग, पाचशे किलोमीटर शिक्षा.

आता गंमत अशी की हा माणूस स्वतः काय करत होता? १९६८ साली त्यानं दोन गाड्या काढल्या. एक एस्पादा, चार मोठी माणसं ऐसपैस बसतील आणि चौघांच्या बॅगा मावतील अशी, तरी वेगात कुणाला हार न जाणारी. दुसरी इस्लेरो, दिसायला साधी, सभ्य, सरकारी अधिकाऱ्याच्या कोटासारखी. ही इस्लेरो फेरुचिओ स्वतः वापरायचा. १९७० मध्ये जारामा आली आणि तिच्यावर त्याचा फार जीव. त्याचं म्हणणं साधारण असं होतं की ज्याला निखळ स्पोर्ट्‌स कारच हवी त्यानं मिउरा घ्यावी, ज्याला ऐषाराम हवा त्यानं एस्पादा, आणि ज्याला एकच गाडी ठेवायची आहे त्यानं जारामा. गिऱ्हाईकांनी त्याचं ऐकलंही. एस्पादा बाराशेहून अधिक विकल्या गेल्या, मिउरा साडेसातशेच्या आसपास. पण कारखान्याला नाव कुणी मिळवून दिलं विचाराल तर मिउरानं. आज कुण्या शाळकरी पोराला लॅम्बोर्गिनी काढायला सांगा. तो बुटकी, पाचरीसारखी, दोन माणसांची गाडी काढील. इस्लेरो कोण काढतो?

तासगावकडचा एक द्राक्षवाला कर्जदार मला यावरून आठवतो. त्याच्याकडं ट्रॅक्टर होता आणि पोराच्या हट्टापायी घेतलेली मोटारसायकल. मोटारसायकल तो फडक्यानं पुसायचा, येणाऱ्याला दाखवायचा. पण चैत्रात जोतिबाला जायचं झालं की ट्रॉलीत गोधड्या टाकायच्या, बायकापोरं, म्हातारी, भाकरीची गठळी, सगळं घालायचं आणि ट्रॅक्टर काढायचा. तपासणीच्या वेळी मडगार्डवर बसून मीही त्या ट्रॅक्टरवरून हिंडलो आहे. कमरेचं म्हणाल तर ते ग्रँड टूरर नव्हतं. पण सगळे बरोबर होते.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तोट्याचे ताळेबंद मी पुरेसे वाचले आहेत. १९६९ पासून इटलीत कामगारांचे संप वाढले. १९७१ साली ट्रॅक्टरच्या धंद्यावर घाला आला. निम्मा माल परदेशी जायचा. दक्षिण आफ्रिकेतल्या आयातदारानं मागणी रद्द केली. बोलिव्हियात लष्करानं सत्ता घेतली आणि नव्या सरकारनं मोठी मागणी मोडीत काढली. त्यातले काही ट्रॅक्टर जिनोआ बंदरातून निघायच्या बेतात होते. कामगार कमी करता येत नव्हते. एका गिऱ्हाईकावर एवढा भार टाकू नये, हे आम्ही मुकादम शेतकऱ्यांनाही सांगायचो. पण सांगणं सोपं. ट्रॅक्टरची कंपनी त्यानं सामे या इटालियन कंपनीला विकली. मोटार कंपनीचा ५१ टक्के भाग १९७२ साली जॉर्ज-आँरी रोसेत्ती या स्विस उद्योजकाला आणि उरलेला १९७४ मध्ये रोसेत्तीचा मित्र रने लाइमर याला. म्हणजे तेलाच्या टंचाईनं बड्या गाड्यांचा बाजार बसला त्याच सुमाराला तो पुरता मोकळा झाला. पुढं १९७८ मध्ये कंपनी दिवाळ्यात गेली, या हातातून त्या हातात फिरली आणि १९९८ पासून आउडीकडं आहे.

फेरुचिओ उम्ब्रिया प्रांतात त्रासिमेनो तलावाच्या काठी जाऊन राहिला. पानिकारोला गावाजवळ त्यानं सातशे एकरांहून मोठी जमीन घेतली आणि द्राक्षं लावली. ज्या शेतीतून लहानपणी त्याचं मन उडालं होतं तीच. तिथल्या द्राक्षांची तांबडी वाइन त्यानं बाजारात आणली आणि लोक तिला मिउराचं रक्त या नावानं ओळखू लागले. बघा, इथंही नाव मिउराचंच. जारामाचं रक्त कुणी विकत घेतलं नसतं, आणि विकायचं कसं हे त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? २० फेब्रुवारी १९९३ रोजी, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, पेरुजा इथं तो गेला. वय ७६. बोलोन्याजवळ फूनो इथं टोनिनोनं वडिलांच्या नावाचं संग्रहालय उभारलं आहे. तिथं मोटारींच्या बरोबरीनं ट्रॅक्टर मांडले आहेत.

२०१७ साली त्या कंपनीनं उरुस नावाची उंच, चार दारांची, घरच्या सगळ्यांना घेऊन जाणारी गाडी काढली आणि कंपनीच्या विक्रीचा मोठा वाटा आता त्या गाडीचा असतो. हे वाचलं तेव्हा मला फेरुचिओची आठवण झाली. त्याला ती उंची आवडली असती का, सांगता येत नाही. डिकी नक्की आवडली असती.

हे सगळं मी मुलाला फोनवर सांगितलं. पाऊण तास. तो मुकाट्यानं ऐकत होता. कमरेबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. माझी खात्री होती की इतकं ऐकल्यावर तो लांब नाकाचीच घेणार.

त्यानं दोन माणसांची घेतली. छत उघडणारी, लाल. मिउराची गोष्ट ऐकल्यावर राहवलं नाही म्हणाला. मला अर्धा दिवस वाईट वाटलं. मग वाटलं, जारामावर इतकं जीव तोडून बोललो, पण गळा मिउरापाशीच दाटून आला होता, ते पोराला फोनवर ऐकू गेलं असणार.

आता बेत असा ठरला आहे. बोलोन्यापर्यंत आम्ही दोघं बॅगा घेऊन रेल्वेनं जायचं. मुलगा त्या गाडीनं आल्प्स ओलांडून स्टेशनवर येणार. तिथून फूनो जवळच आहे, पण एका वेळी एकालाच नेता येईल, म्हणजे त्याच्या दोन फेऱ्या. मी म्हटलं, पहिल्या फेरीला मी जातो, तुझी कंबर आहे, रस्ता कसा आहे ते बघून घेतो. ही डोक्याला बांधायला रेशमी स्कार्फ शोधत होती. तिनं कपाटातून मान न काढताच सांगितलं की पहिली फेरी तिची, आणि मी स्टेशनवर बॅगांपाशी बसायचं.